शनिवारची सही

बत्तीस वर्षं नगरपालिकेत, सहा निवडणुका,
चिन्ह दरवेळी कंदील.
हजेरीपटात पाहाल तर झिराडकर शिफ्राबाई
एक शनिवार सोडला
तर शनिवारच्या कुठल्याच सभेला हजर नाहीत.
पट मीच ठेवायचो. हेडाऊ, सभालेखनिक.

खरं असं, की त्या यायच्या.
गड्डीगोदामातून पायी, मेच्या उन्हातही,
बसायच्या खिडकीकडच्या खुर्चीवर,
आणि मी पेन पुढे केला की मान हलवायच्या :
आज लिहीत नाही मी, हेडाऊ.

नवरा बंगाल-नागपूर रेल्वेत गार्ड, त्या सुईण.
अर्धा इंदोरा त्यांच्या हातात पहिल्यांदा रडला,
मग मोठा होऊन त्यांनाच मत देऊन आला.
प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे त्यांच्यात;
नागपुरात कधी सात जमायचे, कधी चार.
"त्यापेक्षा आपल्या सभेचा कोरम बरा," म्हणायच्या,
"चहा सांगितला की भरतो."

ठराव साधा होता. सफाई कामगारांना
आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी.
तीनदा आला, तीनदा 'पुढील सभेपुढे ठेवावा'.
चौथ्यांदा इतवारीचे एक सदस्य उठले :
काऊन जी बाई, घाण घेते का सुट्टी?
मागून कुणी 'तेलीण' म्हणालं. हसले.
तेवढं मी लिहिलं नाही,
तेव्हा त्याला मी सभ्यपणा समजायचो.
त्या म्हणाल्या, खरंय. नवगावला आजोबांचा घाणा होता.
शनिवारी बंद.
आजोबा देवाचं नाव घेत बसायचे.
बैलाला देव ठाऊक नव्हता,
तोही बसायचा.

मतं मोजली. सतरा, सतरा, आणि त्या.
अध्यक्षांनी पट मागवला, चष्मा लावला :
सही नाही, तर मत नाही.
पावणेचार वाजले होते.
बाईंनी लाऊडस्पीकर बंद करायला लावला
आणि बोलायला लागल्या.

खराटा किती दिवसांत झिजतो, इथपासून.
महालातली एकेक गल्ली, गल्लीत संडास किती,
कोणती बाई बाळंतपणानंतर कितव्या दिवशी
टोपली घेऊन परत आली
(बाळंतपणं त्यांनीच केलेली, तारखा तोंडपाठ).
पंखे गरम वारा इकडून तिकडे ढकलत होते.
दोन सदस्य झोपले,
एक घरी जाऊन आंघोळ करून आले.
सहाला आवाज बसला.
पाणी प्यायल्या, पुन्हा सुरू : मोमिनपुरा, गल्ली पहिली.

सातच्या सुमाराला माझ्याकडे बघितलं.
मी गच्चीवर गेलो.
तीन तारे दिसले की त्यांचा शनिवार संपतो
हे पालिकेत मला एकट्याला ठाऊक.
एक, किल्ल्याच्या अंगाला.
दुसरा मिलच्या चिमणीच्या डावीकडे.
मग धूर.
मी थांबलो. धूर हलेना.
खालून येणारा आवाज आता घशातला नव्हता,
पायाच्या नखातून कुठून तरी येऊन राहिला होता.
मी जिना उतरलो आणि म्हणालो, तीन.

सही आडवी गेली, रेघेच्या बाहेर.
अठरा विरुद्ध सतरा.

शेवटच्या आजारात मला बोलावून घेतलं.
औषधाच्या बाटल्या, उशाला कंदिलाचा जुना बिल्ला.
हेडाऊ, तो तिसरा कुठे होता?
तलावाकडे, बाई.
बराच वेळ बघत राहिल्या,
सुईण बघते तशी, अजून किती वेळ लागेल याचा अंदाज घेत.
मग म्हणाल्या, बरं. हे कुठे लिहू नका.

नाही लिहिलं. इतिवृत्तात फक्त
'ठराव बहुमताने संमत'.

आमच्या गल्लीचा झाडूवाला दर मंगळवारी
दारात खाट टाकून झोपतो, तोंडावर टॉवेल.
बाईंचं नाव त्याला माहीत नाही.
मी दूध आणायला जातो तेव्हा
त्याच्या खाटेपाशी चपला हातात घेतो.